निळा डायन्थस पेरला, माठ उगवला

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी मोबाईलवर एक जाहिरात सारखी समोर यायला लागली. निळाभोर डायन्थस! कुंडी भरून फुलं, पाकळ्यांच्या कडा कातरल्यासारख्या, आणि कुंडीला धरलेला एक हात, बोटात खड्याची अंगठी. २०० बिया ३४९ रुपयांत, बारा महिने फुलणार, पैसे घरी आल्यावर द्या. पुण्यात गच्चीवर पंधरा वर्षं झाडं लावतेय. गुलाबी, लाल, पांढरा डायन्थस दर हिवाळ्यात असतोच माझ्याकडे. तरी हुरळले, कारण निळा नव्हता ना!

पाकिटावर फुलाचा रंगीत फोटो तेवढा होता. पॅकिंगची तारीख नाही, लॉट नंबर नाही, उगवणीची टक्केवारी नाही, पत्ता नाही. आत बारीक, गोल, चकचकीत काळ्या बिया. इथेच हात आखडायला हवा होता. डायन्थसचं बीही काळंच, पण ते चपटं आणि निस्तेज असतं, कोळशाच्या कपचीसारखं. हे मला माहीत होतं. पण निळ्याचं बी वेगळं असेल, अशी मीच माझी समजूत घातली. फसवणाऱ्याचं अर्धं काम असं आपणच करून देतो.

घटस्थापनेला ट्रे भरला: कोकोपीट, गांडूळखत, बियांवर नावापुरती माती. डायन्थस वर यायला आठवडा-दहा दिवस घेतो. हे चौथ्या दिवशी ट्रेभर हिरवं! तेवढ्यात विक्रेत्याचा मेसेज: "ताई, रोपं आली का? फोटो टाकून पाच तारे द्या, ५० रुपये परत करतो." मी दिले. वर "उगवण उत्तम" असंही लिहिलं. ते वाचून आणखी किती जणींनी पाकीट मागवलं असेल, हे आठवलं की अजून लाज वाटते. ते ५० रुपयेही आले नाहीत, ते सोडा.

पुढे पानं मोठी होऊ लागली तशी शंका आली. डायन्थसची पानं अरुंद, टोकदार, समोरासमोर जोडीने येतात, त्यांच्यावर राखाडी झाक असते आणि पेरं फुगीर असतात. ही तर रुंद, एकाआड एक, देठाला लाली. विचारलं तर उत्तर आलं, "ताई, हायब्रीड आहे, पानं नंतर बारीक होतात." मग "थंडी पडू द्या." मग "दुसरं पाकीट उद्या पाठवतो." तो उद्या दिवाळी उलटली तरी उगवला नाही.

शेवटी सासूबाई गच्चीवर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढा माठ कशाला लावलास? दोन कुंड्या पुरल्या असत्या की." त्या खुडायला लागल्या आणि मी गप्प राहिले. लसूण-मिरचीवर परतलेली ३४९ रुपयांची भाजी आम्ही चौघांनी खाल्ली. (तुम्ही मात्र खाऊ नका. अनोळखी पाकिटातल्या बियांना औषध चोळलेलं असू शकतं, हे मला नंतर सुचलं.)

आमच्या ओळखीचे एक नर्सरीवाले आहेत, त्यांना जाहिरातीतला फोटो दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, पानं बघा. पानांवरसुद्धा निळसर छटा आहे. आणि त्या माणसाची नखं बघा." खरंच, नखंही निळी! गुलाबी फुलाच्या फोटोचा अख्खा रंगच फिरवला होता. निळ्या रंगासाठी लागणारं रंगद्रव्य डायन्थसच्या कुळीत तयारच होत नाही. कार्नेशन हाही डायन्थसच. त्यात ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीन कंपनीने १९९० च्या दशकात पेटुनियाचा जीन घातला, तेव्हा कुठे जांभळट छटा आली. निळी तीही नव्हे. फुलवाल्याकडे निळी कार्नेशन दिसतात ती बहुधा पांढऱ्या फुलाचे दांडे रंगाच्या पाण्यात बुडवून केलेली असतात. 'बारमाही' हीसुद्धा थापच. आपल्याकडे डायन्थस हिवाळ्याचं फूल, एप्रिलच्या उन्हात तो मान टाकतो.

पण या सगळ्यातली खरी मेख मला उशिरा कळली. परत करण्याची मुदत ७ दिवसांची होती. खरा डायन्थस पेरला तरी सातव्या दिवशी मातीवर जेमतेम कोंब दिसतात. म्हणजे माल खोटा आहे हे कळेपर्यंत मुदत संपलेलीच. त्यापुढचा "उद्या पाठवतो"चा घोळ मी कंटाळून नाद सोडावा म्हणून. डिसेंबरात त्याने माझा नंबर ब्लॉक केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तर पुरावा काय द्यायचा? पाकीट उघडतानाचा व्हिडिओ नव्हता, आणि बी तर सगळं पेरून बसले होते. म्हणून आता पाकीट आलं की बिया आधी पांढऱ्या कागदावर ओतते, जवळून फोटो काढते आणि चिमूटभर पाकिटातच ठेवून देते. तारे वगैरे फूल बघितल्यावर.

३४९ रुपयांचं फार वाटलं नाही, हंगाम गेल्याचं वाटलं. ऑक्टोबरात पेरलेला डायन्थस जानेवारीत रंगात येतो. मी जानेवारीत नर्सरीतून तयार रोपं आणली, वीतभर अंतरावर लावली, बुडाशी पाणी साचू दिलं नाही, सुकलेली फुलं रोज खुडली. फुलली बिचारी, पण मार्चच्या मध्यालाच दमली.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तीच कुंडी, तोच हात, तीच खड्याची अंगठी. फुलं यंदा काळी आहेत.