क्लाउड बॅकअपचे पैसे घेतले, खातंच उघडलं नव्हतं

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर संगणकी मशीनने काम करून द्यायचं युनिट आहे. सर्व्हर, टॅली, मेल असं सगळं सांभाळायला एका आयटी कंपनीला वार्षिक कंत्राट दिलं होतं. बिलात दर महिन्याला ‘क्लाउड बॅकअप’ची (डेटाची प्रत इंटरनेटवरून दुसरीकडे ठेवण्याची) वेगळी ओळ आणि त्याचे वेगळे पैसे. ‘बॅकअप सक्सेसफुल’ असा रिपोर्टही महिन्याच्या महिन्याला यायचा. जूनमध्ये सर्व्हरची हार्ड डिस्क गेली, तेव्हा कळलं की क्लाउडवर काहीच नाही.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, सोर्स डी ड्राइव्ह, डेस्टिनेशन ई ड्राइव्ह. डी आणि ई हे एकाच डिस्कचे दोन भाग. डिस्कबरोबर बॅकअपही गेला. सेटिंग चुकलं असतं तर समजून घेतलं असतं. न उघडलेल्या खात्याचं बिल लावणं ही सरळ फसवणूक आहे.

खरेदी-विक्रीची बिलं पोर्टलवरच्या जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) आणि २बी (खरेदीचा तपशील) वरून बरीचशी परत भरता आली. पण रोखीची व्हाउचर्स, जॉबवर्कची चलनं, कोणत्या पार्टीचा किती माल आमच्याकडे पडून आहे, हे कुठून आणणार? अकाउंट्सची मुलगी चलनबुकांच्या कार्बन कॉप्या फरशीवर पसरून एकेक नोंद करत होती. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. विचारणा झाली की उत्तर आम्हीच द्यायचं.

जाब विचारला तर ‘डेटाची अंतिम जबाबदारी ग्राहकाची’ हे करारातलं कलम दाखवलं. मग पैसे कशाचे घेतले, याला उत्तर नाही. ग्राहक आयोगाची वाटही सोपी नाही. २०१९च्या कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला सूट आहे, पण कायद्यात ती वस्तूंपुरतीच लिहिली आहे. वकिलामार्फत नोटीस दिली आहे. जुनी बिलं आणि रिपोर्ट हाच आमचा पुरावा, तुमचेही जपून ठेवा.

रिपोर्टवर विसंबू नका. इंजिनिअरला समोर बसवून दोन-तीन महिन्यांपूर्वीचं एखादं बिल बॅकअपमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढून दाखवायला सांगा. क्लाउडचं खातं, डोमेन (वेबसाइट-मेलचं नाव), ॲडमिन पासवर्ड आपल्याच नावावर हवेत; आमचं डोमेनही त्यांच्या नावावर निघालं, ते सोडवायला अजून भांडतोय. डेटा किती तासांत परत मिळणार आणि नाही मिळाला तर भरपाई किती, हे करारात आकड्यांत लिहून घ्या. लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याचं पुढचं बिल थांबवा.