जुन्या रिसिव्हरला पीसी जोडायला साऊंड ब्लास्टर झेड एसई घ्यावं का?

थेट सांगतो. तुमच्या रिसिव्हरला (स्पीकर चालवणारं ॲम्प्लिफायरचं खोकं) एचडीएमआय नाही, नुसतं ऑप्टिकल (प्रकाशाच्या केबलचं भोक) आहे, आणि पीसीवरचे गेम, पिक्चर खरोखर पाच स्पीकरमधून ऐकायचेत, तर पीसीत बसवायचं हे साऊंड कार्ड घ्या, पैसे वसूल. रिसिव्हरला एचडीएमआय असेल तर घेऊ नका, का ते खाली सांगतो.

आमच्याकडचा रिसिव्हर यामाहाचा आहे, दादा बोटीवर होता तेव्हा त्याने आणलेला, सोबत पाच स्पीकर आणि सबवूफर. उचलायला दोन माणसं लागतात एवढा जड. मागे ऑप्टिकल, कोॲक्सियल आणि सहा आरसीएवाला (गोल पिनांचा) मल्टी चॅनल इनपुट, एचडीएमआय एकही नाही. गोव्यात असे सेट बऱ्याच घरांत आहेत, कोणी बोटीवरून आणलेत कोणी गल्फमधून, आणि पीसीला लावता येत नाही म्हणून नुसते पडून आहेत. (असा सेट बाहेर काढलात तर आधी मागची पट्टी वाचा, जपानच्या बाजारातला असेल तर तो १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर थेट लावला की गेला.) फोंड्याला एका दुकानात विचारलं तर तिथला मुलगा म्हणतो, "काका, हे भंगारात द्या आणि साऊंडबार घेऊन टाका." मला हे अजिबात पटलं नाही. आतला ॲम्प्लिफायर ठणठणीत आहे, स्पीकरचे कोन शाबूत आहेत, अडलंय ते फक्त पीसीतून सहा चॅनल (पाच स्पीकर आणि सबवूफर, प्रत्येकाचा वेगळा आवाज) तिथपर्यंत पोचवायचं, मग एवढी चांगली वस्तू भंगारात का द्यायची?

आता अडचण काय ते नीट समजून घ्या कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. बऱ्याच मदरबोर्डला मागे ऑप्टिकल आउट असतंच, माझ्याही होतं. केबल लावली की आवाज येतो, पण रिसिव्हरच्या डिस्प्लेवर पीसीएम असं दिसतं आणि मागचे दोन स्पीकर गप्प. केबल खराब नसते, रिसिव्हरही खराब नसतो. ऑप्टिकलवरून जो एसपीडीआयएफ सिग्नल जातो त्यात कच्चा आवाज म्हणजे पीसीएम फक्त दोन चॅनलचा मावतो. हिशेब करून बघा, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला दोन चॅनलचे सेकंदाला १५३६ किलोबिट होतात आणि सहा चॅनलचे ४६०८. हा एक माणूस जाईल एवढाच साकव आहे, त्यावरून ट्रक कसा नेणार. म्हणून ५.१, म्हणजे हे सहा चॅनल, पाठवायचं तर ते आधी दाबून लहान करावं लागतं, डॉल्बी डिजिटलमध्ये तेच सहा चॅनल जास्तीत जास्त ६४० किलोबिटमध्ये बसतात.

डीव्हीडीवर आवाज बहुतेक वेळा आधीच असा दाबलेला असतो, म्हणून व्हीएलसी प्लेयरमध्ये पासथ्रू (दाबलेला आवाज तसाच पुढे पाठवणं) चालू केलं की कुठल्याही साध्या ऑप्टिकलमधून पिक्चर ५.१ मध्ये वाजतो. पण गेमचं तसं नाही, गेममधला आवाज त्या क्षणी तयार होतो, तो तिथल्या तिथे दाबणारं काहीतरी पीसीत पाहिजे. त्यालाच डॉल्बी डिजिटल लाइव्ह म्हणतात, डीटीएसवाल्यांचं त्याच कामाचं डीटीएस कनेक्ट. कार्ड घेताना खोक्यावर हीच दोन नावं शोधा. नुसतं "५.१" किंवा "ऑप्टिकल आउट" लिहिलंय म्हणून घेऊ नका, तेवढ्याने गेमचा आवाज ऑप्टिकलवरून दोनच चॅनलचा येईल.

साऊंड ब्लास्टर झेड एसईमध्ये हे दाबण्याचं काम म्हणजे एन्कोडिंग आहे, म्हणून मी हे घेतलं. लहान पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं, मागच्या पट्टीवरच ऑप्टिकल आउट आहे, ११६ डेसिबलचा सिग्नल टू नॉइज रेशो, म्हणजे खरखरीपेक्षा आवाज किती मोठा ते, दिलाय (हा आकडा ॲनालॉग आउटचा, ऑप्टिकलने जोडणाऱ्यांनी त्याकडे बघून पैसे देऊ नयेत). कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, विंडोजमध्ये डिजिटल आउट डिफॉल्ट केलं आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडर डॉल्बीवर ठेवला. त्याच क्षणी रिसिव्हरवरचं पीसीएम गेलं, डॉल्बी डिजिटल आलं, आणि बाजूला ते छोटे चौकोन असतात ना एल, सी, आर, एसएल, एसआर, एलएफई, एका चॅनलला एक, ते सगळे एकदम पेटले. गेममध्ये एका वाड्यात शिरलो, मागे डाव्या हाताला दार करकरलं आणि मी खुर्चीवरून वळून बघितलं! इफ्फी (चित्रपट महोत्सव) २००४ मध्ये पणजीत आली तेव्हापासून दरवर्षी मी थिएटरात बसून आवाज ऐकतोय, तेव्हा मागून येणारा आवाज म्हणजे काय हे मला माहीत आहे, घरातल्या पीसीवरून तो असा येतोय याचा खूप आनंद झाला.

डॉल्बी की डीटीएस? डीटीएसला जवळपास १५०० किलोबिट मिळतात म्हणजे दाबणं कमी, मला संगीतात झांजेची किणकिण डीटीएसवर जास्त मोकळी वाटते, गेममध्ये काही फरक कळत नाही.

अजून एक फायदा आहे तो वापरल्याशिवाय लक्षात येत नाही. साध्या पासथ्रूला दर वेळी पीसीएमवरून डॉल्बीवर जाताना रिसिव्हर क्षणभर गप्प बसतो आणि पिक्चरचा पहिला शब्द खाऊन टाकतो, इथे डॉल्बीचा प्रवाह चालूच राहतो म्हणून तसं होत नाही.

आता जे जमत नाही ते. एन्कोडिंगला वेळ लागतो, डॉल्बीची एक फ्रेमच १५३६ सॅम्पलची म्हणजे ३२ मिलिसेकंदाची आणि वर बाकीची प्रोसेसिंग. पिक्चर, गेमला चालतं, पण भाचा पीसीला कीबोर्ड जोडून भजनाला साथ वाजवायला बसला की बोट दाबल्यावर सूर मागाहून येतो, ताल धरताच येत नाही, त्याला आम्ही हेडफोन दिलाय. ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडी ऑप्टिकलवरून जाणारच नाही, त्याला एचडीएमआयच लागतं.

हे एन्कोडिंगचं लफडं नको असेल तर तीन ॲनालॉग वायरी घ्या, एका टोकाला ३.५ एमएम आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए, पुढचे, मागचे, आणि सेंटर-सबवूफर अशा थेट मल्टी चॅनल इनपुटला. आवाज छान येतो, उशीरही नाही. पण बऱ्याच रिसिव्हरमध्ये या इनपुटला बासचं आणि स्पीकरच्या अंतराचं सेटिंग लागू होत नाही, ते पीसीत करावं लागतं. शिवाय अर्थिंगची हम. आमच्याकडे रिसिव्हरला केबल टीव्हीचा सेट टॉप बॉक्सही जोडलेला आहे, ॲनालॉग वायर लावली की स्पीकरमधून घूंऽऽ चालू, रात्री तर नकोसं होतं. ऑप्टिकलमधून फक्त प्रकाश जातो, तांब्याचा संबंधच नाही, त्यामुळे हम बंद.

आपल्या हवेत एक काळजी घ्या. आरसीएच्या पिना पावसाळ्यात हिरव्या पडतात, ऑप्टिकलला तो त्रास नाही, पण न वापरलेल्या ऑप्टिकल भोकाला बूच असेल तर ते काढून फेकू नका. आमच्या दुसऱ्या ऑप्टिकल इनपुटचं बूच हरवलं आणि झडपही मोडलेली, तर कुंभारमाशीने आत मातीचं घर केलं, टाचणीने हळूहळू कोरून काढावं लागलं. केबल घेताना साधी प्लॅस्टिकची घ्या, सोन्याच्या मुलाम्याला जादा पैसे देऊ नका, प्रकाशाला सोनं काय करायचंय. फक्त टोकावरचं पारदर्शक टोपण काढून लावा आणि भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात मोडू नका.

आणि एचडीएमआयवाल्यांनी कार्ड का घेऊ नये, तर एचडीएमआयवरून आठ चॅनलपर्यंत पीसीएम न दाबता जातो, ग्राफिक्स कार्डातून सरळ रिसिव्हरला वायर लावा, विंडोजमध्ये स्पीकर ५.१ निवडा, झालं. त्यात विंडोज रिसिव्हरला एक जादा मॉनिटर समजतं आणि कधी माऊस तिकडे हरवतो, तेवढं सांभाळावं लागतं. लॅपटॉपवाल्यांना हे कार्ड बसणार नाही, त्यांनी यूएसबीवालं बघावं आणि त्याच्याही खोक्यावर डॉल्बी डिजिटल लाइव्ह लिहिलंय की नाही ते दुकानातच उभं राहून वाचावं.