चिडाच्या जंगलासाठी पोलादी व्यास-फीत

उत्तराखंडातील कुमाऊंमधील चिडाच्या (पाइनच्या) जंगलात झाडांचा जमिनीवरील जैवभार, म्हणजे खोड, फांद्या व पानांचे एकूण वस्तुमान, मोजण्यासाठी घेतलेली पोलादी व्यास-फीत मी दोन हंगाम वापरली. तिच्यावर व्यासाचा प्रत्येक सेंटिमीटर 3.14 सेंटिमीटरच्या अंतराने छापलेला असल्यामुळे बुंध्याला वेढा घातला की व्यास थेट वाचता येतो. तीव्र उतारावर तोल सांभाळत भागाकार करावा लागत नाही. ही सोय किरकोळ नाही. झाडाचा जैवभार साधारणपणे व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या आसपास वाढतो, त्यामुळे 30 सेंटिमीटरचे झाड 31 सेंटिमीटरचे नोंदले गेले तर अंदाज सुमारे 8 टक्क्यांनी फुगतो.

चिडाची साल मात्र या फितीची परीक्षा पाहते. सैल खपल्या आधी हाताने झाडून घेतल्या नाहीत, तर फीत खोडाला नीट बसत नाही. व्यास मोजायची ठरलेली 1.37 मीटरची उंची उतारावर चढाच्या बाजूने धरावी, आणि तिथे लिसा, म्हणजे चिडाची राळ, काढल्याची जखम असेल, तर जखमेच्या वर मोजून तशी नोंद करावी. लिशाने फीत चिकट होते. टर्पेंटाइनने ती स्वच्छ होते, आणि टर्पेंटाइन याच लिशापासून मिळते, याचा मला दरवेळी आनंद वाटतो.

जाडी अशी का झाली, हे मात्र फीत सांगत नाही. उत्तराभिमुख उतारावर ओल अधिक टिकते, दक्षिणाभिमुख उतार लवकर सुकतो. मातीची खोली, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडांचे वय आणि दाटी यांनीही जैवभार बदलतो. उन्हाळ्यात वाळलेल्या पिरुलाला, म्हणजे चिडाच्या गळलेल्या सुईसारख्या पानांना, वणवा लागला की जाड सालीची मोठी झाडे बहुधा तगतात, पण रोपे जळतात. म्हणून वारंवार जळणाऱ्या जंगलात जैवभार मोजक्या जुन्या झाडांत साठलेला दिसला, तरी त्यांच्यामागे पुढची पिढी उभी नसते. आकडेवहीत व्यासाशेजारी उताराची दिशा आणि जळाल्याच्या खुणा यांचे रकाने असायलाच हवेत, असे माझे ठाम मत आहे. झाडाच्या उंचीसाठी वेगळे उपकरण लागतेच.

माझ्या फितीचा सालीत रुतवायचा हुक पहिल्याच हंगामात वाकला, ही तिची खरी उणीव. शिवाय 2 मीटरची फीत जेमतेम 63 सेंटिमीटरपर्यंतचाच व्यास मोजते. जुन्या चिडांसाठी 5 मीटरचीच घ्यावी.