आकाशवाणीकडून माहिती हवी आहे? टपाल, पोर्टल की थेट दप्तर तपासणी

फोंडा-डिचोलीकडच्या एखाद्या भजनी मंडळाला पणजी आकाशवाणीकडून फार काही नको असतं. वर्षभरात ध्वनिमुद्रणाला कुठल्या मंडळांना बोलावलं, निकष काय लावले, मानधन किती दिलं, एवढंच. आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला माहिती अधिकार (आरटीआय) कायदा, 2005 लागू आहे, त्यामुळे हे विचारायचा हक्क आहे आणि ‘कशाला हवं?’ याचं उत्तर द्यायची गरज नाही. आता वाट कुठली धरायची ते बघू.

टपालाने अर्ज म्हणजे 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर, शक्यतो 500 शब्दांच्या आतला मजकूर आणि 30 दिवसांची मुदत. गाडी अडते ती पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावे काढायची इथेच. नियमात ‘लेखा अधिकारी’ म्हटलंय, साहेबांच्या नावाने काढू नका.

केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर शुल्क तेवढंच, मुदतही तीच. नोंदणी क्रमांक लगेच हातात पडतो, पोच जपायची कटकट नाही. पण अर्ज आधी नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे अर्ज वाटून देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो आणि तिथून खाली येतो, म्हणून ‘आकाशवाणी, पणजी’ हे पहिल्याच ओळीत लिहा.

या दोन्ही वाटांची दुखणी एकच. विचाराल तेवढंच उत्तर मिळतं, आणि ‘अशा स्वरूपात माहिती ठेवलेली नाही’ हे वाक्य तर सरकारी कचेऱ्यांना तोंडपाठ असतं. म्हणून मला तिसरी वाट जास्त पटते. अर्ज पोर्टलवरूनच करायचा, पण त्यात उत्तर मागण्याऐवजी फाइल बघायला मागायची. पहिला तास फुकट, पुढे दर तासाला 5 रुपये. हवी ती पानं टिपून घ्यायची आणि तेवढ्याच झेरॉक्स मागायच्या, पानाला 2 रुपये. आकाशवाणी आहे त्या आल्तिनोची चढण आणि एक दिवसाची रजा खर्ची पडते खरी. पण निवड कशी झाली ते शेऱ्यांत दिसतं, टाइप केलेल्या उत्तरात नाही. नुसता आकडा किंवा तारीख हवी असेल तर मात्र पोर्टल पुरे.

नकार आला तर पहिलं अपील 30 दिवसांत, दुसरं 90 दिवसांत. दुसरं जातं दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे, गोवा राज्य माहिती आयोगाकडे नव्हे.

अमेरिकेत काही माहितीसाठी हा खटाटोपच नाही. तिथल्या रेडिओ केंद्रांची सार्वजनिक फाइल, म्हणजे लोकांसाठी खुली ठेवायची कागदपत्रं, 2018पासून ऑनलाइन आहे, कुणीही उघडून बघावी. आपल्या कायद्याचं कलम 4 हेच सांगतं, की न मागताच माहिती मांडून ठेवा. म्हणून अर्जाआधी प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

खासगी वाहिनीला थेट आरटीआय चालत नाही. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे तिची जी कागदपत्रं आहेत ती तिथून मागता येतात, व्यापारी गुपिताची सबब मात्र पुढे येऊ शकते. टीव्ही कार्यक्रमाबद्दल तक्रार असेल तर केबल टीव्हीच्या 2021च्या नियमांप्रमाणे वाहिनीने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. इथे चालढकल करू नका, कारण वाहिनीला ध्वनिचित्रमुद्रण 90 दिवसच जपून ठेवावं लागतं.