व्हीएनआयटी, सीओईपी-व्हीजेटीआय की खासगी कॉलेज? आधी पैसा कोणाचा ते पाहा

इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल हातात आले की घरोघरी दोनच प्रश्न: कटऑफ किती आणि पॅकेज किती. मी तिसरा विचारायला सांगेन. प्राध्यापकांचा पगार कोण देतं आणि प्रमुखाला नेमतं कोण? चार वर्षं लॅबमध्ये काय हाताळायला मिळणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

नागपूरचं व्हीएनआयटी केंद्र सरकारचं, देशातल्या एनआयटींपैकी एक. 1960 मध्ये स्थापना, 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा. संचालकांची नेमणूक राष्ट्रपती व्हिजिटर या नात्याने करतात, पगाराचा पैसा दिल्लीहून येतो. फीचा आकडा बघून दचकू नका: 2016 मध्ये एनआयटींची ट्यूशन फी वर्षाला सव्वा लाखावर गेली खरी, पण एससी, एसटी, दिव्यांग आणि एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांना ती पूर्ण माफ आहे, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश सूट. निम्म्या जागा राज्यातल्या मुलांना. अट एकच, जेईई मेन चांगली गेलेली हवी.

पुण्याचं सीओईपी (1854) आणि मुंबईचं व्हीजेटीआय (1887) या संस्था राज्याच्या पैशावर उभ्या आहेत, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. 2003-04 च्या सुमारास दोघांना स्वायत्तता मिळाली. अभ्यासक्रम स्वतः आखायची, जमा झालेली फी स्वतः खर्चायची मोकळीक आली. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या 'टेक्विप' योजनेतून प्रयोगशाळांना निधी मिळाला. मोकळीक मिळाली तरी ती वापरणारा माणूस लागतो, आणि तो टिकावाही लागतो. सीओईपीत अनिल सहस्रबुद्धे 2006 पासून 2015 पर्यंत संचालक होते, तिथून ते थेट तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईच्या अध्यक्षपदी गेले. केमिकल इंजिनीअरिंगसाठी ओळखली जाणारी माटुंग्याची आयसीटी आधी ज्येष्ठराज जोशी आणि मग जी. डी. यादव, दोघांनी मिळून वीस वर्षं सांभाळली. जोशींच्या काळात, 2008 मध्ये, तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रभारी प्रमुखाच्या सहीवर चालणाऱ्या कॉलेजात एवढं होत नाही.

सरकारी पैशाला एक खोट आहे. पगार सरकार देतं, पण रिक्त पद भरायला मंत्रालयातून मंजुरी लागते. फाइल अडकली की तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात, आणि बिचारे वर्षभरात निघूनही जातात. 2022 मध्ये सीओईपी स्वतंत्र विद्यापीठ झालं; कारभार हाती आला, पण पगाराच्या अनुदानासाठी नजर अजूनही मुंबईकडेच.

खासगी विनाअनुदानित कॉलेजं 1983 मध्ये वसंतदादांनी दार उघडल्यापासूनची. पगार तुमच्या फीतून, प्राचार्य संस्थाचालकांचा. फी ठरवतं शुल्क नियामक प्राधिकरण, तीही कॉलेजने दाखवलेल्या खर्चावरून. संस्थाचालक जाणता असेल तर मशीन पटकन येतं. नसेल तर दाद कोणाकडे मागणार? मुलींसाठी मात्र 2024-25 पासून गणित बदललंय: ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी गटांत आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून असेल, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर हा लाभ गेला. खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठांनाही ही सवलत नाही, तेव्हा जाहिरातीतल्या 'युनिव्हर्सिटी' शब्दाला भुलण्याआधी विचारा.

पडताळणीसाठी कॉलेजच्या वेबसाइटवरची एनआयआरएफची, म्हणजे केंद्राच्या रँकिंगसाठी भरलेल्या माहितीची पीडीएफ उघडा. लॅबच्या नव्या उपकरणांवरचा तीन वर्षांचा खर्च तिथे ओळीने दिलेला असतो. शिक्षकांची यादीही असते. कोण कधी रुजू झालं आणि नेमणूक नियमित आहे की कंत्राटी, ते वाचा. आपल्या शाखेचेच निम्मे शिक्षक गेल्या वर्षी आलेले दिसले, तर पॅकेजचा फलक कितीही मोठा असो, मी ते कॉलेज खाली ढकलेन.

माझा क्रम असा. केमिकल करायचं असेल तर आयसीटी, दुसरा विचार नको. जेईईचा नंबर लागत असेल तर व्हीएनआयटी. बाकीच्यांनी सीओईपी आणि व्हीजेटीआयमध्ये शाखा बघून निवड करावी. त्याखाली एखादं जुनं अनुदानित कॉलेज, सांगलीचं वालचंद म्हणा, चकचकीत नव्या कॉलेजच्या वर टाकायला मी कचरणार नाही. मात्र ऑप्शन फॉर्म भरण्याआधी तिथल्या एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून विचारा, या सेमिस्टरला किती प्रॅक्टिकल्स खरोखर झाली.