थिंकपॅड टी४४०पी: बोर्ड दुरुस्त करावा की बदलावा?

मित्राचा टी४४०पी लॅपटॉप सुरूच होत नाही. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, गेलाय; प्रोसेसर ठणठणीत. आता चिप-लेव्हल दुरुस्ती (बोर्डावरचा बिघडलेला बारीक भाग शोधून बदलणं) करावी, की दुसरा बोर्ड आणून त्यावर तोच प्रोसेसर चढवावा?

दुसरा पर्याय शक्य आहे तो प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येईल अशा खाचेत, असल्यामुळे. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो सोल्डर केलेला (बोर्डाला कायमचा जोडलेला) असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही. सॉकेटचा स्क्रू अर्धा फिरवून प्रोसेसर उचलायचा, नव्या बोर्डावर बसवून त्याची उष्णता वाहून नेणारी नवी थर्मल पेस्ट लावायची. कटकट आहे ती अख्खा लॅपटॉप उघडण्याची.

खर्च: एखादा मॉसफेट (वीजपुरवठा सांभाळणारा छोटा भाग) जळला असेल तर दुरुस्ती स्वस्त. पाणी सांडून ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा) गंजले असतील तर ती किती टिकेल, सांगवत नाही.

जोखीम मात्र वापरलेल्या बोर्डात जास्त. त्यावर सुपरवायझर पासवर्ड असेल तर बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग्ज बदलता येत नाहीत; विकणाऱ्याला आधीच चालू करून दाखवायला लावा. एनव्हिडियावाला (वेगळी ग्राफिक्स चिप असलेला) बोर्ड आणलात तर हीटसिंकही (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) वेगळा लागतो. विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करावं लागू शकतं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की हवीच.

पाणी न लागलेला बोर्ड आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. गंजलेला असेल आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरता येत असेल, तर बदला.