कर्नल कशात दाबायचा: जीझिप, एक्सझेड, एलझेडफोर की झेडएसटीडी?

लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, सहसा दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवतात आणि सुरू होताना उलगडतात. जीझिप, एक्सझेड, एलझेडफोर, झेडएसटीडी या दाबायच्या पद्धती. महापे एमआयडीसीतल्या गाळ्यात तुम्ही डेटा लॉगर (मोजमापं नोंदवत राहणारं यंत्र) बनवताय असं धरू. ३२ बिट एआरएम प्रोसेसर, १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण), वर लिनक्स. नुसता आकार बघितला तर एक्सझेड जिंकतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण बूट होताना इमेज (दाबलेल्या कर्नलची फाइल) फ्लॅशवरून वाचायची असते आणि मग उलगडायचीही असते. फ्लॅश मंद आणि प्रोसेसर तगडा असेल, तर लहान इमेज फायद्याची. प्रोसेसरच अशक्त असेल, तर एक्सझेड वाचनात कमावलेलं उलगडताना घालवतो. पावसाळ्यात लाइट जा-ये करायला लागली की हा वेळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येतो. म्हणून जागा खरंच संपत आली असेल तरच एक्सझेड, एरवी जीझिप. (२०२४ मध्ये एक्सझेडच्या कोडमध्ये घुसवलेलं छुपं दार, म्हणजे बॅकडोअर, सापडलं, त्यामुळे बिचकू नका. कर्नलमधला डीकोडर, म्हणजे उलगडणारा भाग, वेगळा आहे.)

एलझेडफोर उलगडायला सगळ्यांत चपळ, पण इमेज जीझिपपेक्षाही मोठी होते. १६ एमबीत मी त्याच्या वाटेला जाणार नाही. बीझिप२ तर सोडूनच द्या.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यासाठी एक्स८६ चा पॅनेल पीसी बनवत असाल, तर मी डोळे झाकून झेडएसटीडी घेईन. कर्नल इमेजसाठी तो लिनक्सच्या ५.९ आवृत्तीत, २०२० साली आला. आकारात जीझिपपेक्षा सरस, उलगडण्यात कितीतरी वेगवान. दाबायची पातळी वाढवली तरी उलगडणं फारसं मंदावत नाही, त्यामुळे जो काही जास्तीचा वेळ लागतो तो बिल्ड मशीनचा. ३२ बिट एआरएमवर मात्र हा पर्याय मिळेलच असं नाही. आधी मेनूकॉन्फिग (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) उघडून बघा. ६४ बिट एआरएमवर उलगडायचं काम सहसा बूटलोडरचं (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम, उदा. यू-बूट), तेव्हा तुमच्या यू-बूटला काय उलगडता येतं यावर निवड ठरते.

झेडरॅमचा (रॅममध्येच डेटा दाबून ठेवायची सोय) हिशेब वेगळा. तिथे दाबणं आणि उलगडणं दिवसभर चालू असतं, म्हणून एलझेडफोर किंवा एलझेडओ-आरएलई (अशीच एक चपळ पद्धत). रॅम फारच तोकडी असेल तर झेडएसटीडी.

बूटचा वेळ मोजताना डीमेसेजवर (कर्नलच्या संदेशांची नोंद) विसंबू नका. त्यातले आकडे इमेज उलगडून झाल्यावर सुरू होतात, म्हणजे नेमका हवा तो वेळ त्यात नसतोच. सिरीयल कन्सोलवर, म्हणजे तारेने जोडलेल्या पीसीवर येणाऱ्या बूटच्या ओळींवर, पीसीकडून वेळ टाकून घ्या.